बाब क्रमांक सात

माझ्या मामांना 'वजाबाकी' हे नाव मी ठेवलं, तेव्हा मी तिसरीत होते. ते त्यांना इतकं चपखल बसलं की मामीसुद्धा रागावली की म्हणायची, "जा, विचार त्या वजाबाकीला!" आता मी शाळेत गणित शिकवते, पोरांना हातचे घ्यायला लावते, पण एवढं अचूक उत्तर पुन्हा कधी आलं नाही.

चौतीस वर्षं मामांनी एकाच टेबलावर एकच काम केलं. खात्याच्या निरनिराळ्या कचेऱ्यांमधून खर्चाची अंदाजपत्रकं त्यांच्याकडे यायची आणि मामा लाल पेन्सिलीनं त्यातला तिसरा हिस्सा छाटून ती पुढे पाठवायचे. पंधरा पंखे मागितले की दहा. नऊ टेबलं मागितली की सहा. कचेऱ्यांना हे पाठ झालं होतं, त्यामुळे ज्यांना दहा पंखे हवे असत ते मुळात पंधराच मागत. म्हणजे सगळ्यांना हवं तेवढं मिळत होतं, आणि मामांना वाटत होतं की आपण खात्याचे पैसे वाचवतोय. हे अख्ख्या खात्याला ठाऊक होतं. मामांना तेवढं कुणी सांगितलं नाही, आणि निरोपाच्या भाषणात तर कोण सांगणार!

त्यांचा दुसरा नियम तात्पुरत्या गोष्टींचा. तपासणीच्या दिवशी जे डोळ्यांना दिसणार नाही, त्याला पैसे नाहीत. तात्पुरती शेड, तात्पुरता पहारेकरी, तात्पुरती भाड्याची खोली, सगळ्यावर लाल रेघ. "राहणारच नाही त्याला पैसे कशाला?" असं ते विचारायचे, आणि समोरच्याला पटकन उत्तर सुचायचं नाही. खरं सांगायचं तर मलाही कधी सुचलं नव्हतं.

एरवी मामा भित्रे. फोन वाजला तरी दचकणारे, बँकेचं पत्र आलं तर आधी पाणी पिऊन मग उघडणारे. पैसा पुरणार नाही, ही त्यांची सगळ्यात जुनी भीती. लाल पेन्सिल हातात असली की तेवढा वेळ ते धीट असत.

दोन वर्षांपूर्वी मामीच्या अंगावरून वारं गेलं आणि तिचा डावा पाय कामातून गेला. घर दुमजली, साठ वर्षांचं, मामांच्या वडिलांनी बांधलेलं. झोपायची खोली आणि न्हाणीघर वर, स्वयंपाकघर आणि बाकी सगळं खाली, मध्ये सतरा पायऱ्या. मामी वर अडकली ती अडकलीच. डॉक्टरकडे न्यायचं तर चौघांनी खुर्चीतून उचलायचं. वर्षभर हे चाललं, मग तीच एक दिवस म्हणाली, "मला एकदा माझ्या स्वयंपाकघरात जायचंय. तुम्ही मीठ कुठे ठेवता तेच मला कळत नाही." त्या एका वाक्यावर मामांनी घराचं पूर्ण नूतनीकरण करायचं ठरवलं. खाली मोठी खोली, रुंद दारं, खालीच न्हाणीघर. जन्मात एवढा मोठा खर्च त्यांनी मनात आणलेला मी पाहिला नव्हता.

माझ्या शाळेचं काम केलेल्या कंत्राटदार बाईंना मीच घेऊन गेले. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, खिशात कायम टेप. दोन दिवस त्यांनी घर मोजलं, भिंती ठोकून पाहिल्या आणि एकेचाळीस बाबींचं अंदाजपत्रक दिलं. एकूण अठरा लाख. सगळं काम त्या करून देणार, मिस्त्री, सुतार, प्लंबर, वीजवाला, सगळे त्यांचे.

मामांकडे वीस लाख होते. निवृत्तीचे, बँकेत जपून ठेवलेले. मामा बाईंना म्हणाले, "माझ्याकडे बारा आहेत."

बाईंनी अंदाजपत्रक पुन्हा उघडलं. मग म्हणाल्या, "काका, मी यात एक पैसा फुगवलेला नाही."

"सगळे असंच म्हणतात, मॅडम."

"बाकीचे म्हणत असतील. तुमच्याकडे बाराच असतील तर सहा लाख कमी कुठे करायचे ते आपण दोघांनी ठरवू. पण मग खरंच कमी होईल, एवढं लक्षात असू द्या."

मामांनी लाल पेन्सिल काढली. निवृत्तीला पाच वर्षं झाली होती, पण पेन्सिल खिशातच. फरशी साधी, खिडक्या जुन्याच, स्वयंपाकघराचे कप्पे जुनेच. बाई एकेक मान्य करत गेल्या. मग बाब क्रमांक सात आली: 'लोखंडी टेकू, तात्पुरते, नग अठरा, भाड्याने.' खालच्या दोन खोल्यांच्या मधली जाड भिंत पाडून तिथे वर लोखंडी गर्डर बसवायचा होता. भिंत काढल्यापासून गर्डर बसेपर्यंत वरचा मजला या टेकूंवर राहणार होता.

"हे शेवटी परत जाणार ना?" मामांनी विचारलं.

"हो, काम झालं की."

"मग अठरा कशाला?" आणि रेघ.

बाईंनी डोक्याला हात लावला नाही, एवढंच. खूप वेळ बोलणं झालं आणि शेवटी त्या म्हणाल्या, "नऊच हवे असतील तर भिंत दोन भागांत काढावी लागेल. आधी अर्धी. तिचा गर्डर बसला की तेच टेकू दुसऱ्या अर्ध्याखाली. वेळ जास्त लागेल. आणि या काळात वरचा मजला रिकामा पाहिजे. ही अट आहे."

अट त्यांनी लिहूनही दिली. पण वरचा मजला रिकामा करायचा तर चार महिने भाड्याचं घर घ्यायला हवं, ती बाब क्रमांक अकरा, तीही तात्पुरती. तिच्यावरही रेघ पडली होती. माझं घर दोन गल्ल्या पलीकडे, पण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. "कामाच्या वेळेपुरतं तिला समोर शिंप्याच्या दुकानात बसवू," मामा म्हणाले. "संध्याकाळी परत वर." अटीचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "अगं, अशा अटी सगळेच लिहितात. आपल्या अंगावर येऊ नये म्हणून." चौतीस वर्षं अटी वाचून त्यांना एवढंच समजलं होतं. आणि मीही 'बरं' म्हणाले. माझी चूक मी झाकणार नाही.

काम सुरू झालं. मामी रोज सकाळी खुर्चीतून खाली, संध्याकाळी वर. शिंपी तिला बटणं निवडायला देई आणि ती खूश असे. वर्षभरानं निवांत रस्ता बघायला मिळत होता. अर्धी भिंत पडली, नऊ टेकू उभे राहिले आणि मग गर्डरच आला नाही. कारखान्यात काही बिघाड झाला होता, आठ-दहा दिवस लागणार होते. काम थांबलं. काम थांबलं म्हणजे ठोकाठोकी नाही, आणि ठोकाठोकी नाही म्हणजे धोका नाही, असा मामांनी हिशोब केला आणि मामी पुन्हा वर राहू लागली. बाई दुसऱ्या गावी एका कामावर होत्या, त्यांना हे कुणी कळवलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मामीच्या पलंगाच्या उशाशी भिंतीत तडा दिसला. केसासारखा बारीक, पण छतापासून पलंगापर्यंत. मामांनी मला फोन केला तेव्हा त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. मी बाईंच्या मिस्त्रींना घेऊन गेले. मिस्त्रींनी बोट फिरवलं, डोळे बारीक केले.

"जुना गिलावा आहे, साहेब. धक्क्यानं तडकतो. पण उगाच जोखीम नको. एक पातळ कागदाची पट्टी घ्या, तड्यावर आडवी चिकटवा, तारीख टाका. भिंत हलली तर पट्टी फाटेल. फाटली की त्या क्षणाला मला फोन करा. वाट बघायची नाही."

हे मामांच्या हातचं काम होतं. त्यांनी कागदाची पट्टी कापली, डिंक लावला, ती तड्यावर चिकटवली, तारीख घातली आणि लिफाफ्याच्या तोंडावर करतात तशी बरोबर तड्यावरून आरपार सही केली. "आता चोरी करून दाखव म्हणावं," असं ते भिंतीकडे बघून म्हणाले. हसले मात्र नाहीत.

तिथून पुढचे सगळे दिवस त्या पट्टीभोवतीच गेले. मामा जेवेनात. घास तोंडात घ्यायचे आणि चावायचं विसरून जायचे. खाली टेकू मोजायचे, एक ते नऊ, मग उलटे नऊ ते एक. वर येऊन पट्टी बघायचे. दार वाजलं, शेजारच्या कुणाच्या पाण्याच्या मोटारीचा आवाज आला, रस्त्यावरून ट्रक गेला, की उठून पट्टी बघायचे. मध्येच ते मनगट धरून स्वतःची नाडी मोजत बसायचे. "ही पट्टी फाटली ना," ते मला म्हणाले, "तर भिंत पडायच्या आधी मीच जाईन बघ." मामी पलंगावरून ऐकत होती.

मी रोज शाळेत जायच्या आधी चक्कर टाकत असे. मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. त्या खोलीत पाऊल टाकताना मी नकळत हलकं टाकायची. कपाटाचं दार आपलं आपण उघडत होतं. मामी म्हणाली, बिजागरी सैल झालीय. पण पट्टी शाबूत असायची. कागद, तारीख, आरपार सही. पट्टी शाबूत म्हणजे भिंत शाबूत, यात चूक काढायला जागा नव्हती. मी हायसं वाटून शाळेत जायची.

नवव्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं नाही. मामा रोज साडेसहाला अंघोळीला जात आणि सात वाजता बाहेर येऊन पट्टी बघत. त्या दिवशी पाचच मिनिटांत, कोरड्या अंगानं, परत आले. पट्टी मधोमध फाटली होती. सहीचं पहिलं अक्षर या बाजूला, बाकीची सही त्या बाजूला, आणि मधल्या फटीत करंगळी जाईल एवढा अंधार.

मी धावत पोहोचले तेव्हा मिस्त्री दोन माणसं घेऊन आले होते. त्यांनी खालून वर एकदाच पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. एक टेकू तिरका झाला होता. त्याच्या तळाची जुनी फरशी दबून फुटली होती.

"काकूंना आधी खाली आणा. सामान नको, काही नको. आणि पाय आपटू नका कुणी."

आम्ही वर गेलो. मामीला खुर्चीत बसवलं, दोघांनी पुढून, मी आणि मिस्त्रींनी मागून धरलं. जिन्यावर चुन्याची बारीक धूळ सुटत होती, तिच्या केसांवर पडत होती. सतरा पायऱ्या. शेवटच्या पाचांवरून खालची खोली दिसते. तिथे मामा उभे होते, तिरक्या टेकूशेजारी स्टुलावर चढून, दोन्ही तळहात छताला लावून. पासष्ट वर्षांचा, बावन्न किलोचा माणूस वरचा मजला हातांनी धरून उभा होता. डोळे गच्च मिटलेले.

"साहेब, बाहेर व्हा!" मिस्त्री ओरडले. "तुम्ही काय धरणार ते!"

मामा हलले नाहीत. "ती खाली आली का?" एवढंच विचारत होते. "ती खाली आली का?"

"आले," मामी म्हणाली. "अहो, आले मी. सोडा आता."

तेव्हा त्यांनी हात काढले. मिस्त्रींनी त्यांना दंडाला धरून फरफटत रस्त्यावर आणलं.

शिंप्याच्या दुकानात आम्ही सगळे बसलो. अर्धा तास गेला नसेल, समोरून धप्प असा आवाज आला, मग काचा फुटल्याचा. वरच्या खोलीतली जमीन एका बाजूनं बसली होती आणि उशाचं लाकडी कपाट सरळ पलंगावर आडवं झालं होतं. हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी फक्त आवाज ऐकला. शिंप्याचं मशीन थांबलं. मामा मामीकडे बघत राहिले, ती आहे की नाही याची खात्री करत असल्यासारखे.

मिस्त्री विचारात पडले होते. "साहेब, एका दिवसात एवढी फट उघडत नाही. पट्टी याआधी कधी फाटली होती का?"

"फाटली नाही. रोज बघत होतो. आजच फाटली."

"असं होणार नाही."

"मी रोज बघत होतो!" मामांचा आवाज चिरकला. "माझी सही होती तिच्यावर!"

मामीनं पदराच्या टोकाची गाठ सोडली. आतून कागदाचे कपटे निघाले. ते तिनं शिंप्याच्या टेबलावर ठेवले. चार पट्ट्या, चारही मधून फाटलेल्या.

मिस्त्री कपट्यांवर वाकले. मग तीच बोलली. "तुम्ही अंघोळीला गेलात की मी बघायची. हात पोचत होता मला. फाटलेली असली की नवी लावायची. कागद, पेन, डिंक, सगळं तुम्ही तिथेच ठेवत होता." ती माझ्याकडे बघत नव्हती, त्यांच्याकडेही नाही. "तुम्ही म्हणालात ना, पट्टी फाटली तर मीच जाईन. दोन घास पोटात जात नव्हते तुमच्या. मला वाटलं, भिंतीचं जे व्हायचं ते होईल, आधी हा माणूस जातोय."

"आणि तू?" मामा म्हणाले. "तू तिथेच झोपत होतीस. माहीत असून."

"मग कुठे झोपू?" मामी म्हणाली. "भीती वाटत होती हो. रात्रभर मी डोळा लावत नव्हते. पण सांगायचं कुणाला? तुम्हाला?"

मामांनी एक पट्टी उचलून डोळ्यांजवळ नेली. "सही माझीच आहे."

"माझी आहे. चाळीस वर्षं बघतेय. खाली रेघ आहे बघा. तुम्ही रेघ ओढत नाही."

खरंच रेघ होती. नऊ दिवस मी रोज ती पट्टी पाहत होते आणि ती रेघ मला दिसली नव्हती, पट्टीआड रुंदावत गेलेला तडाही नाही. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवरची खोट शोधणाऱ्या माणसालाही दिसली नव्हती. मामा टेबलावर डोकं ठेवून रडले. मोठ्यानं, लाज न बाळगता. मला त्यांचा राग आला होता, फार आला होता, पण तो कुठे ठेवावा ते मला त्या क्षणी कळेना.

दुपारी कंत्राटदार बाई आल्या. तोवर मिस्त्रींनी कुठून कुठून आणखी नऊ टेकू आणून लावले होते. बाईंनी घर पाहिलं, कपाट पाहिलं, पलंग पाहिला आणि दुकानात येऊन मामांसमोर उभ्या राहिल्या.

"काकू वर होत्या? मी लिहून दिलं होतं ना, काका?"

मामांनी मान हलवली.

"काम आता वाढलंय. जास्तीचे टेकू, जाड गर्डर, वरची जमीन निम्मी नवी करावी लागेल. आणि चार महिने तुम्ही दोघांनी भाड्याच्या घरात राहायचं, तळमजल्यावरच्या. हे मान्य नसेल तर मी दुसरा कंत्राटदार बघून देते, पण मी हात लावणार नाही. सगळं धरून एकोणीस लाखांच्या वर जाईल. तेवढे पैसे आहेत का तुमच्याकडे? खरं सांगा."

"आहेत," मामा म्हणाले.

"कुठून आणणार?"

"आहेत. पहिल्यापासून होते."

बाईंनी हातातली टेप खिशात टाकली. मला वाटलं, आता त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरचे कपटे बाजूला सारले, पिशवीतून कागद काढला आणि तिथेच वाढीव अंदाजपत्रक लिहायला घेतलं. पहिलीच ओळ: 'लोखंडी टेकू, तात्पुरते, नग अठरा.' लिहून झाल्यावर कागद मामांपुढे सरकवला.

मामांनी सवयीनं खिशातून लाल पेन्सिल काढली. तिच्याकडे पाहिलं आणि शिंप्याच्या कात्रीशेजारी ठेवून दिली. मग बाईंचं पेन घेतलं. पेनाचं टोक कागदावर टेकलं आणि हात थरथरायला लागला. टिकटिक, टिकटिक, कागदावर नुसते ठिपके. दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तरी थांबेना. सकाळी छत धरलेले तेच हात. तळव्यांवर अजून चुना होता.

"जमत नाही गं," ते म्हणाले. "होतच नाही."

"द्या इकडे," मामी म्हणाली.

तिनं पेन घेतलं, कागद जवळ ओढला आणि एका दमात मामांची सही केली. आता मामी खाली राहते, स्वयंपाकघरात तिची खुर्ची फिरते आणि मीठ कुठे आहे ते तिला माहीत आहे. टेकू कधीच परत गेले. नव्या भिंतीवर मामा अजूनही दर सोमवारी एक पट्टी चिकटवतात, आणि त्याआधी सहीसाठी ती मामीपुढे धरतात. तो वाढीव अंदाजपत्रकाचा कागद माझ्याकडे आहे. कोणतीही बाब छाटलेली नाही आणि सहीखाली रेघ आहे.